किनाऱ्याचा कायदा वाचायचाय? आधी पैशाचं कलम उघडा

अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं किनारपट्टीचं बिल घ्या, पहिली दोन-तीन पानं निसर्ग, वारसा, पुढच्या पिढ्या असल्या गोड भाषेत असतात, ती खुशाल सोडा आणि "फंड" हा शब्द सर्च करून तिथूनच सुरू करा.

नुसतं "फंड स्थापन करण्यात येईल" एवढंच असेल तर तो रिकामा डबा समजायचा, दरवर्षी बजेटच्या वेळी हात पसरावे लागणार. पैसा नक्की कुठून येतो आणि उद्या दुसरीकडे वळवता येतो का, हे बघा. लुइझियानाने २००५ च्या कतरिना-रिटा वादळांनंतर किनाऱ्यासाठी वेगळी यंत्रणा तर केलीच, पण २००६ ला मतदान घेऊन राज्याच्या घटनेतच घालून टाकलं की समुद्रातल्या तेल-गॅसचा केंद्राकडून येणारा वाटा किनाऱ्यावरच खर्च होणार. आता मेक्सिकोच्या आखातातल्या तेल-गॅस काढायच्या ठरावीक लीजच्या (भाडेपट्ट्यांच्या) उत्पन्नातले ३७.५ टक्के ४ राज्यांत वाटले जातात आणि प्रत्येक राज्याच्या वाट्यातले २० टक्के थेट किनाऱ्यावरच्या स्थानिक संस्थांना जातात. भारी आहे, फक्त किनारा वाचवायचा पैसा तेलावर अवलंबून, ही गंमत विसरू नका.

मग मॅचिंग बघा. केंद्राच्या १९७२ च्या कोस्टल झोन मॅनेजमेंट कायद्याखाली राज्याचा किनारा सांभाळायचा प्रोग्राम मंजूर झाला की ग्रँट मिळते, पण मुख्य ग्रँटला साधारण तेवढेच पैसे राज्याला स्वतःचे घालावे लागतात. बिलात त्याची सोय नसेल तर ग्रँट कागदावरच.

किनाऱ्याचे निर्णय घेणाऱ्या बोर्डाचं कलम वाचताना कोण नेमतं आणि कोण काढू शकतं, दोन्ही शोधा. कॅलिफोर्नियाच्या कोस्टल कमिशनमध्ये मत देणारे १२ जण, गव्हर्नर ४, सिनेटची रूल्स कमिटी ४, असेंब्लीचे स्पीकर ४ असे नेमतात, आणि निम्मे स्थानिक निवडून आलेले लोक, म्हणजे एकट्याच्या खिशात बोर्ड जात नाही.

आणि शेवटचं पान नक्की बघा, तिथे मुदतीचं कलम लपलेलं असतं, म्हणजे वाढवलं नाही तर कायदा आपोआप संपायची तारीख. अलास्काच्या विधिमंडळात २०११ ला मुदतवाढीवर एकमत झालं नाही म्हणून अख्खा प्रोग्रामच बंद पडला, ग्रँट तर गेलीच, पण केंद्राच्या प्रोजेक्टला राज्याच्या किनारा धोरणाशी जुळवून घ्यायला लावायचा हक्कही गेला. २०१२ ला तो परत आणायचा प्रस्ताव मतदानाला टाकला तर लोकांनी पाडला.