गाडी ऑइल फेकतेय? सील बदलण्याआधी ब्रीदर बघा, या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात जालना रोडवरच्या एका गॅरेजात ऑटोक्रॉस शर्यतीची जिप्सी गिअरबॉक्स उतरवून उभी होती, तिसऱ्यांदा. मागचं क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला ऑइल अडवणारी रिंग) पुन्हा गळत होतं. सील चांगलं, मिस्त्रीचा हातही बसलेला. दोष वर होता. इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या वाटेत) ऑइल जातंय म्हणून कुणीतरी टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) ब्रीदर होजमध्ये, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीत, बोल्ट घालून क्लिप आवळली होती.

इंजिन कितीही ताजं असलं, तरी जळालेल्या वायूचा थोडा भाग पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये (क्रँकशाफ्ट आणि ऑइल असलेल्या खालच्या भागात) उतरतोच. गॅरेजात त्याला बॅक कंप्रेशन म्हणतात. स्पर्धेसाठी ताकद वाढवली की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि हा वायूही वाढतो. त्यात फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन तापल्यावर जास्त फुगतात म्हणून ते बोअरमध्ये थोडे सैलच बसवावे लागतात. या वायूची वाट बंद केली, तर तो सील, गॅस्केट, डिपस्टिक, जिथे कच्चं सापडेल तिथून निघतो. त्यामुळे ब्रीदर बुजवणं ही सगळ्यात महागडी चूक.

दुसरी चूक दिसायला देखणी असते: पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधला वायू इनटेकमध्ये सोडणारा) काढून टॅपेट कव्हरवर छोटा फिल्टर बसवणं. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू असताना) इनटेक मॅनिफोल्डची, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांची, ओढ क्रँककेसमधली पाण्याची आणि पेट्रोलची वाफ खेचून घेते. ती ओढ गेली की ऑइल लवकर खराब होतं. शिवाय गरम इंजिन बंद करून गार होताना त्याच फिल्टरमधून बाहेरची हवा आत घेतं. एप्रिल-मेमध्ये काळ्या मातीची पिठासारखी धूळ स्वस्त फोममधून सहज आत शिरते, आणि ऑइलमध्ये मिसळून बेअरिंगपर्यंत जाते. हे मला फार खटकतं. व्हॉल्व्ह काढलाच, तर मॅनिफोल्डवरचं त्याचं तोंड पक्कं बंद करा, नाहीतर जादा हवा शिरून आयडल हलतो. आणि रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत ही वाफ हवेत सोडू नका.

टर्बो असेल तर पीसीव्ही एकाच दिशेने हवा सोडतो का, हे बघणं टाळू नका. तो उघडा अडकला की बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) उलटा क्रँककेसमध्ये शिरतो आणि डिपस्टिक वर उडते. बूस्टमध्ये वायूला टर्बोच्या आधीच्या इनटेकपर्यंत वेगळी, मोकळी वाट लागते.

कॅच कॅन (ब्रीदरच्या वाफेतलं ऑइल अडवणारा डबा) वाळूजच्या लेथवर छान बनवून मिळतो, पण बहुतेक वेळा आतून नुसता रिकामा डबा असतो. वाफ एका तोंडातून येते, दुसऱ्यातून निघून जाते. आत आडवे पत्रे आणि स्टेनलेसची जाळी हवी, थेंब त्यावर आपटून खाली बसतात. भांडी घासायची तारेची घासणी भरू नका, तिचे तुकडे सुटून इंजिनात जातात. होज ऑइल सहन करणाऱ्या रबराची घ्या. पाण्याची पारदर्शक नळी बॉनेटखालच्या उष्णतेत मऊ पडून दबते. होजला मध्ये झोळ राहू देऊ नका, तिथे ऑइल साचून वाट बुजते. उघडा ब्रीदर असेल, तर एफआयएच्या (आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटनेच्या) अपेंडिक्स जे नियमांत २००० सीसीपर्यंत किमान २ लिटरचा डबा सांगितला आहे, आतलं ऑइल दिसेल असा. डबा एक्झॉस्टपासून लांब ठेवा. गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर ऑइल सांडलं तर पेट घेतं.

दाब मोजायला महागडं यंत्र लागत नाही. ऑइल भरायच्या जुन्या झाकणाला निपल बसवा, त्याला पारदर्शक नळी जोडा, ती यू आकारात फूटपट्टीला बांधून अर्धी पाण्याने भरा. पाणी इंजिनात ओढलं जाणार नाही इतक्या लांब बाजू ठेवा. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला १० सेंटीमीटर फरक म्हणजे साधारण १ किलोपास्कल. पीसीव्ही ठीक असेल तर आयडलला इंजिनाकडचं पाणी वर चढतं, म्हणजे आत ओढ आहे. नुसती रेस देऊन खरा दाब कळत नाही, लोडवर डायनोवरच (लोड देऊन ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) बघा. कॅच कॅन लावून आणि काढून, दोन्ही आकडे लिहून ठेवा. कॅन काढल्यावर दाब खूप उतरला, तर कॅन किंवा होज अरुंद आहे. तरीही उतरला नाही, तर लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणं) करा. मग रिंगांचं काम काढावं लागेल.

त्या जिप्सीचा बोल्ट काढला, १९ मिलिमीटरची होज टाकली, सील नवीन घातलं. पावसाळा संपेपर्यंत बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं आवरण) कोरडं होतं.