ग्राफिक्स कार्ड घेताय? नुसत्या नंबरावर जाऊ नका, या चुका टाळा

गेली बारा वर्षं मी मित्रांचे, नातेवाइकांचे पीसी जुळवून देतोय. महिन्याला एक तरी फोन ठरलेला: "दादा, बाकी काही नको, फक्त नंबर सांग, कुठलं कार्ड घेऊ?" नुसता मॉडेलचा नंबर मी सांगत नाही, कारण नंबरानेच लोक फसतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एक नाव म्हणजे एकच कार्ड असं धरून चालणं. सांगलीच्या माझ्या मामेभावाला ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर काम करायचं होतं. मी एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ३०५०, ८ जीबी मेमरीचं सांगितलं. त्याने घाईघाईत कोटेशन मागवलं, त्यावर नुसतं 'आरटीएक्स ३०५०', आणि त्याच दिवशी पैसेही भरून टाकले. मी गेलो, कॅबिनेट उघडलं, पॉवर सप्लायची ८ पिनची वायर ओढून पुढे घेतली आणि कार्ड हातात घेतलं, तर वायर लावायला सॉकेटच नाही. तो खूश, "बरं झालं, एक वायर कमी!" माझ्या पोटात गोळा आला. ते ६ जीबीचं ३०५० होतं. ८ जीबीच्या ३०५० मध्ये २५६० कोअर (हिशेब करणारे छोटे भाग) आणि १२८ बिटची बस (मेमरीकडे जाणारा रस्ता) असते, ६ जीबीवाल्यात २३०४ कोअर आणि ९६ बिट. वीज फक्त ७० वॅट लागते, ती मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळते, म्हणून वेगळी वायर नाही. म्हणजे नुसती मेमरी कमी नाही, कार्डच वेगळं. दुकानदाराने परत घेतलं नाही. बिलावर ३०५० लिहिलं होतं आणि दिलंही ३०५०च होतं.

हे आजचं नाही. २०१६ च्या जीटीएक्स १०६० मध्येही ६ जीबीवाल्याला १२८० कोअर आणि ३ जीबीवाल्याला ११५२. जीटी १०३० चं डीडीआर४ मेमरीचं मॉडेल तर घेऊच नका: जीडीडीआर५ मेमरीवाल्याची बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून डेटा जाण्याचा वेग, सेकंदाला ४८ जीबी, याची जेमतेम १७.

माझी सवय साधी आहे. कोटेशनच्या मागे पेनाने चार आकडे लिहायचे: मेमरी किती आणि कुठली, बस किती बिटची, कोअर किती, वॅट किती. मग खोक्यावरचा पूर्ण पार्ट नंबर बिलावर घालून घ्यायचा. दुकानदार वैतागतो. वैतागू दे, पैसे आपले आहेत.

दुसरी चूक, अफवांच्या भरवशावर बसून राहणं. २०१८ चा उन्हाळा मला चांगला आठवतो. पुढचं कार्ड 'जीटीएक्स ११८०' असणार, असं जो तो छातीठोकपणे सांगत होता. ऑगस्टमध्ये जर्मनीत कोलोनला एनव्हिडियाने दाखवलं ते आरटीएक्स २०८०. अफवा सोडा, कंपनीने स्वतः जाहीर केलेलं नावही टिकत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०८० दोन जाहीर झाली, १६ जीबी आणि १२ जीबी. पहिल्यात ९७२८ कोअर, दुसऱ्यात ७६८०, नाव मात्र एकच. लोकांनी इतकी ओरड केली की १४ ऑक्टोबरला १२ जीबीचं कार्ड रद्द झालं, आणि जानेवारी २०२३ मध्ये तेच आरटीएक्स ४०७० टीआय म्हणून आलं. किंमतही ८९९ डॉलरवरून ७९९ वर उतरली. जाहीर झालेल्या कार्डाची ही गत, तर लीक झालेल्या तक्त्यावर कुणी बजेट का आखावं?

मी हिशेब असा करतो: काम अडलंय? मग आज मिळणाऱ्या, लोकांनी तपासलेल्या कार्डांतून निवडायचं. अडलं नसेल आणि कंपनीने तारीख जाहीर केली असेल, तर खुशाल थांबायचं, पण बाजारात आल्यावर पहिल्या चाचण्या वाचूनच पैसे काढायचे. 'पुढच्या महिन्यात सुपर (त्याच कार्डाची सुधारित आवृत्ती) येतंय म्हणे' एवढ्यावर वर्ष वर्ष अडकलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांचं शिकणंही तेवढं लांबतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मोठा नंबर म्हणजे सगळंच मोठं, हेही खरं नाही. ३०६० टीआयची बस २५६ बिटची होती, ४०६० टीआयची १२८ बिट. एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी २०२५ चं, मेमरी १६ जीबी. आधीच्या पिढीच्या ७९०० एक्सटीएक्समध्ये २४.

लॅपटॉपमधलं ४०९० म्हणजे डेस्कटॉपचं ४०९० नव्हे. १६३८४ च्या जागी ९७२८ कोअर.

सेकंडहँड घेताना खोकं आणि स्टिकर बघून पैसे देऊ नका. जुन्या जीटीएस ४५० कार्डांच्या बायोसमध्ये (कार्डातच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) नाव बदलून ती १०५० टीआय म्हणून विकली गेली आहेत, विंडोजसुद्धा खोटंच नाव दाखवतं. मी पेन ड्राइव्हमध्ये जीपीयू-झी हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम घेऊन जातो आणि विकणाऱ्याच्याच मशीनवर चालवतो. ते असल्या बऱ्याच कार्डांच्या नावापुढे 'फेक' लिहून दाखवतं. तरी कोअर आणि बसचे आकडे मी कागदाशी ताडून बघतोच. "घरी नेऊन बघा" असं कुणी म्हणालं, की कार्ड टेबलावर ठेवून मी निघतो.