फॉरमॅट कधी मारायचा?

दर वर्षी कॉम्प्युटरला फॉरमॅट मारलाच पाहिजे (म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकायचं), असं काही नाही. व्हायरस निघतच नसेल किंवा विंडोज धड सुरू होत नसेल, तरच मारा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. मशीन तापून रखडतं ते बरेचदा पंख्यात साचलेल्या धुळीनं. आधी कॅबिनेट उघडून ब्रश फिरवा (प्लग काढून, बरं का!).

मारायचाच, तर सातबारा, पोरांच्या मार्कशीट, फोटो पेनड्राइव्हवर घ्या अन् तिथूनच उघडून पाहा. विंडोज १० आणि ११ मध्ये रीसेटची सोय आहे. 'कीप माय फाइल्स' निवडलं तरी बाहेरून टाकलेले प्रोग्राम उडतातच. 'क्लाउड डाउनलोड'ला (विंडोज नेटवरून उतरवायला) ४ जीबीच्या वर डेटा लागू शकतो, म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर 'लोकल रीइन्स्टॉल'च (मशीनमधल्याच फाइल्सवरून) बरं. लाइन जायच्या वेळेला मात्र सुरू करू नका.