छोट्या गाडीचे टायर: कणकुंबीचा पाऊस, अथणीचं ऊन

परदेशातल्या व्हिडिओत थंडीचे टायर वेगळे, उन्हाळ्याचे वेगळे असे चाकांचे दोन संच दिसतात, आणि मग आपल्याकडेही कुणीतरी विचारतं की असं काही घ्यावं का. बर्फासाठीचे टायर बेळगाव भागात कुणालाच नकोत. त्यांचं रबर साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खालीही मऊ राहावं म्हणून बनवलेलं असतं. इथल्या जानेवारीच्या पहाटेही पारा तिथवर क्वचितच उतरतो. एप्रिलच्या डांबरावर ते रबर भराभर झिजतं आणि ब्रेक मारल्यावर गाडी जास्त लांब जाऊन थांबते. काश्मीर-लडाखची पोस्टिंग संपवून गाडी घरी आणणारी फौजी मंडळी आपल्याकडे पुष्कळ. त्यांनी टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण आहे का ते बघावं. असेल तर टायर कितीही नवे दिसले तरी बदलावेत. नुसतं 'एम प्लस एस' (M+S, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर काळजी नको, ते अनेक साध्या टायरवरही असतं.

आपले टायरचे ऋतू दोनच, पाऊस आणि ऊन. जांबोटी-कणकुंबीकडे भर पावसाळ्यात रस्ता आठवडेच्या आठवडे वाळत नाही. अथणी-रायबागकडे पाऊस मोजका, पण मे महिन्यात पारा 40च्या आसपास. दोन्ही एकाच संचात भागतं, फक्त टायर पावसाचा विचार करून निवडायचा आणि मेअखेरीस बदलायचा. दसरा-दिवाळीला ऑफर बघून टायर घेण्याची पद्धत आहे, पण त्यात नव्या नक्षीचा चांगला भाग कोरड्या रस्त्यावर झिजतो आणि जूनमध्ये गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाच्या वळणावर अर्धवट झिजलेला टायर पोचतो.

साइझ आधी

टायरच्या बाजूला 165/80 R14 85T असं काहीतरी लिहिलेलं असतं. 165 म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, 80 म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 80 टक्के, R म्हणजे रेडियल, 14 म्हणजे डिस्कचा (टायर जिच्यावर बसतो ती धातूची चकती, ब्रेकची डिस्क नव्हे) व्यास इंचात. 85 हा भाराचा आकडा, म्हणजे एका टायरला 515 किलो. T म्हणजे ताशी 190 किलोमीटरपर्यंत. भाराचा आणि वेगाचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. जास्त चालतो.

रुंद टायर घालायचा मोह झाला तर आधी पूर्ण चाकाचा व्यास काढा. स्विफ्टच्या खालच्या व्हेरियंटचा 165/80 R14 घ्या: 165 च्या 80 टक्के 132, वरची-खालची मिळून 264, त्यात डिस्कचे 14 गुणिले 25.4 म्हणजे 355.6. एकूण 619.6 मिलिमीटर. वरच्या व्हेरियंटचा 185/65 R15 याच हिशोबाने 621.5 येतो, म्हणून कंपनी दोन्ही देते. आहे त्या 14 इंची डिस्कवर 185/70 R14 घातला तर 614.6, तेही चालतं. पण दुकानात पुष्कळदा 185/65 R14 'सेमच आहे साहेब' म्हणून पुढे केला जातो. त्याचा व्यास 596.1. गाडीचं पोट जवळजवळ 12 मिलिमीटर खाली येतं, गतिरोधकाला घासतं, आणि स्पीडोमीटर 100 दाखवतो तेव्हा गाडी 96च्या आसपास असते. मूळ व्यासापासून 3 टक्क्यांच्या पुढे जायचं नाही, शक्यतो एका टक्क्याच्या आत राहायचं.

खरं सांगायचं तर छोट्या गाडीला रुंद टायरची गरजच कमी. अरुंद टायर साचलेलं पाणी सहज कापतो, स्टिअरिंग हलकं राहतं, मायलेज टिकतं. रुंद टायर कोरड्या हायवेवर छान, पण साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो. आणि टायर पाण्यावर तरंगला की ब्रेक, स्टिअरिंग काहीच कामाचं नाही.

नक्षी आणि तारीख

दुकानात टायर उभा धरून समोरून बघा. परिघाभोवती फिरणाऱ्या रुंद खाचा तीन किंवा चार हव्यात, आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या खाचा खांद्यापर्यंत (नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते त्या कडेपर्यंत) उघड्या हव्यात, म्हणजे पाण्याला बाहेर जायला वाट मिळते. खांद्याला खाचा बंद झालेली गुळगुळीत पट्टी असेल तर तो टायर शांत चालेल, पण पावसाला कमी पडेल. जास्त किलोमीटरची जाहिरात असलेल्या टायरचं रबर सहसा कडक असतं. अथणी, रायबाग, चिकोडीकडे राहणाऱ्याने आणि रोजची धाव जास्त असणाऱ्याने ते घ्यावेत. खानापूर, चंदगड किंवा बेळगाव शहरात राहून गोव्याला वरचेवर जाणाऱ्याने ओल्या रस्त्यावरची पकड आधी बघावी, पाच-सात हजार किलोमीटर कमी मिळाले तरी चालतील.

बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. 2324 म्हणजे 2024 सालातला 23वा आठवडा. हा कोड एकाच बाजूला पूर्ण लिहिलेला असतो, म्हणून टायर फिरवून बघा. चारही टायर एकाच सुमाराचे हवेत आणि आयएसआयची खूण हवी. सहा वर्षांवरच्या टायरची नक्षी शाबूत असली तरी बाजूच्या बारीक भेगा तपासून घ्या. कमी धावणाऱ्या गाडीत टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. जुन्या टायरला नव्याने खाचा कोरून विकणारेही भेटतात. खाचेच्या तळाशी रबराऐवजी धागा किंवा तार दिसली की तिथून निघा.

झीज मोजायला काडेपेटीतली काडी पुरे. खाचेत उभी घाला, नखाने खूण करा, पट्टीवर मोजा. आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या अशा तीन जागी. कायद्याची मर्यादा 1.6 मिलिमीटर, खाचेतल्या छोट्या उंचवट्यांना नक्षी भिडली की ती गाठली. पण घाटात पावसात गाडी घालणाऱ्याने 3 मिलिमीटरवरच टायर बदलावा, त्याखाली ओल्यात ब्रेकचं अंतर झपाट्याने वाढतं. मधल्या पट्ट्यात जास्त झीज म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडांना म्हणजे हवा कमी, एकाच कडेला म्हणजे अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडलेलं. हाताला टप्प्याटप्प्याने खड्डे लागले तर शॉकअप बघून घ्या, नाहीतर नवे टायरही तसेच झिजतील.

डिस्क की अलॉय

घाटरस्त्याला लोखंडी डिस्क बरी. खड्ड्यात आदळली तर वाकते, ठोकून सरळ होते. अलॉयला (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चाकाला) तडा जातो, आणि तडा वेल्डिंग करून चालवणं धोक्याचं. लोखंडाचा तोटा गंजाचा: टायर बसतो ती कड गंजली की पंक्चर नसताना आठवड्याला तीन-चार पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा कमी होत राहते, आणि लोक टायरला दोष देत बसतात. टायर उतरवलाच आहे तर तारेच्या ब्रशने ती कड घासून घ्यायला सांगा.

बाहेरून अलॉय घेत असाल तर चार गोष्टी जुळवा. नटांची भोकं किती आणि समोरासमोरच्या भोकांमधलं अंतर (पुष्कळ छोट्या गाड्यांना 4×100, म्हणजे चार भोकं आणि 100 मिलिमीटर, पण आपल्या गाडीचं बघून घ्या), मधलं भोक हबवर (चाक जिच्यावर बसतं त्या मधल्या गोल भागावर) घट्ट बसतं का, ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते माप) मूळ डिस्कएवढाच आहे का, आणि नट. सुझुकीला 12×1.25 आट्याचे नट, ह्युंदाईला 12×1.5. चुकीचा नट दोन-तीन फेरे जातो आणि मग अडतो. तिथे गनने (नट आवळायच्या मशीनने) जोर लावला की स्टड, म्हणजे नट ज्यावर फिरतो तो बोल्ट, गेला. मधलं भोक मोठं असेल तर मापाची रिंग घाला, नाहीतर बॅलन्सिंग करूनही हायवेला 80-100च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं.

बसवताना समोर उभं राहा

हवा भरायचा रबरी व्हॉल्व्ह नवा घालून घ्या, जुना ठेवून वाचतं ते नगण्य. टायरवर फिरण्याचा बाण असेल तर दिशा बघा. बॅलन्सिंग चारही चाकांचं, मग अलाइनमेंट. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे. गनने फक्त टेकवायचे, शेवटचं आवळणं हाताच्या टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या), मॅन्युअलमधल्या आकड्यावर. छोट्या गाड्यांना तो साधारण 85 ते 110 न्यूटन मीटर असतो. 50-100 किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासा, अलॉय असेल तर नक्कीच. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवा, नव्या रबरावर साच्याचं गुळगुळीत आवरण असतं. म्हणजे टायर शनिवारी बसवून रविवारी आंबोलीला निघू नका.

दोनच टायर घेत असाल तर नवे मागे घाला. यावर कट्ट्यावर वाद होतो, कारण झिजतात पुढचे. पण ओल्या वळणावर पुढचं चाक घसरलं तर स्टिअरिंगला कळतं, वेग कमी करून सावरता येतं. मागचं घसरलं की गाडी फिरते.

हवा सकाळी, गाडी निघण्याआधी बघायची, ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे. 38 अंशांत भरलेले 32 पीएसआय डिसेंबरच्या पहाटे 14 अंशांत 28-29 वर येतात. 'उन्हात हवा फुगते, चार पीएसआय कमीच ठेवा' हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो उलटा आहे. कमी हवेत टायर जास्त वाकतो, त्यानेच तापतो आणि हायवेला फुटतो. निपाणीपर्यंत पळून आलेल्या गाडीत चार-पाच पीएसआय जास्त दिसले तर ते सोडायचे नाहीत.

उसाचा हंगाम

कारखाने सुरू झाले की टायरला दोन नवे त्रास. एक, ट्रॉल्यांच्या चाकांनी रस्त्यावर आलेली काळी माती. तिच्यावर पहाटेचं दव पडलं की रस्ता पावसाळ्याइतका निसरडा होतो, ढग नसताना. दुसरा, ऊस ओढणाऱ्या बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्र्यांचे खिळे. पत्री निसटते, खिळा रस्त्यावर राहतो. टायरमध्ये खिळा किंवा बाभळीचा काटा दिसला तर तिथेच उपटू नका, तो असेपर्यंत हवा हळू जाते. दुकान गाठा. दोरी घालून तात्पुरतं भागतं, टिकाऊ काम आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचं रबरी बूच) लावून होतं. भोक 6 मिलिमीटरपेक्षा मोठं किंवा बाजूच्या भिंतीला असेल तर दुरुस्ती नाही. खड्ड्यात आपटून भिंतीला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेत, तो टायर बाद.

चाकांचे दोन संच एकाच माणसाला परवडतात: ज्याने आधीच अलॉय घेतलेत आणि मूळ डिस्क घरात पडून आहेत. त्याने जूनमध्ये डिस्कवर पावसाचे टायर चढवावेत, ऑक्टोबरअखेर अलॉय. दोन्हींचे नट वेगळे असतील तर पिशवीवर नाव लिहून ठेवा. उतरवलेलं चाक धुऊन, वाळवून, आडवं एकावर एक रचा. डिस्कशिवायचा नुसता टायर उभा ठेवा आणि महिन्याने फिरवा. गच्चीवर उन्हात नको, आणि पंपाच्या मोटरजवळही नको, तिथल्या ठिणग्यांतून तयार होणारा ओझोन रबराला भेगा पाडतो.

आणि स्टेपनी. चोर्ला घाटाच्या बऱ्याच वळणांवर मोबाईलला रेंज नसते, त्यामुळे घाट चढण्याआधी तिची हवा बघा, जॅक आणि पाना जागेवर आहे का बघा, आणि अलॉय असतील तर डिस्कवरच्या स्टेपनीला लागणारे चार नट डिकीत टाका. स्टेपनी लहान साइझची असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा, बहुतेक ताशी 80, पाळूनच पुढचं दुकान गाठा.