अवघड माणूस समजून घ्यायचा तर त्याची कच्ची बाजू शोधा

हेकट, तिरसट, खडूस, आतल्या गाठीचा. अवघड माणसाविषयी चार जण बोलायला बसले की ही विशेषणं पाच मिनिटांत संपतात आणि मग तीच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. त्या माणसाशी उद्या सकाळी कसं बोलायचं, हे त्यातून कुणालाच कळत नाही. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगचा व्यक्तिमत्त्व-प्रकारांचा सिद्धांत मी वापरते तो त्या उद्याच्या बोलण्यासाठी. मी मानसशास्त्रातली तज्ज्ञ नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, प्लॅनिंग बघते: कुठला पॅटर्न (ज्याचा ठसा वाळूत घेतात तो नमुना) कुठल्या पाळीला लावायचा, धातू वितळवायची कुठली हीट आधी घ्यायची, डिस्पॅचला काय पुढं काढायचं. कुणाच्या ना कुणाच्या ठरलेल्या कामात बदल सांगायला रोजच जावं लागतं. त्यातून वाचत, पडताळत जी पद्धत हाताला बसली ती इथं देते.

आधी हा सिद्धांत कशासाठी आला ते माहीत असावं, कारण त्यावरच तो कसा वापरायचा हे ठरतं. फ्रॉइड आणि अॅडलर, दोघंही मनाच्या आजारांवर काम करणारे मोठे डॉक्टर. एकाच तऱ्हेच्या रुग्णाकडे बघून फ्रॉइड म्हणायचा, याचं मूळ दुसऱ्या माणसाविषयीच्या ओढीत आहे. अॅडलर म्हणायचा, नाही, स्वतःचं कमीपण झाकून वरचढ व्हायच्या धडपडीत आहे. दोघांचंही म्हणणं आपापल्या परीनं जुळायचं. युंगला प्रश्न पडला की दोन शहाण्या माणसांना एकच गोष्ट इतकी वेगळी दिसते कशी? १९१३ साली म्युनिकच्या परिषदेत त्यानं अंतर्मुख आणि बहिर्मुख ही कल्पना मांडली. त्याची आणि फ्रॉइडची शेवटची भेट झाली तीही त्याच परिषदेत. पुढं १९२१ मध्ये या विषयावरचं त्याचं मोठं पुस्तक आलं. म्हणजे न पटणाऱ्या दोन माणसांच्या मधे काय घडतं, हाच याचा मूळ प्रश्न. माणसांना खोक्यात भरायला हा सिद्धांत निघालेला नाही.

आता पद्धत. एक साधी वही घ्या आणि पहिले काही दिवस फक्त घडलेलं लिहा. विशेषण एकही नको. ‘मामा परत उखडले’ असं लिहिलंत तर त्यातून हाती काही लागत नाही. वाळूचे साचे बनतात त्या आमच्या मोल्डिंग शॉपच्या जुन्या मिस्त्रींना सगळे मामाच म्हणतात. त्यांच्याबद्दल मी असं लिहिलं होतं: ‘जेवणाच्या सुट्टीनंतर बदललेलं शेड्यूल दिलं. कागद न वाचता बाकावर ठेवला. म्हणाले, म्याडम, परत बदललं व्हय? ह्ये वरनं कुणी सांगितलं? मी म्हटलं, गिऱ्हाइकाची निकड आहे. म्हणाले, निकड न्हाय, आमची लाइन बंद पाडायचा डाव हाय.’ बोललेले शब्द जसेच्या तसे टिपा, कारण पुढचं सगळं त्या शब्दांवर उभं राहतं.

तो माणूस कधी अवघड नसतो तेही त्याच वहीत येऊ द्या. हे काम बहुतेक जण टाळतात आणि तिथंच घोळ होतो. मामा वाळूजवळ असले की वेगळेच असतात. ओली वाळू मुठीत दाबतात, ढेकूळ मोडून कडा बघतात आणि पाणी जास्त झालंय की कमी ते सांगतात. नवीन पोराला तासभर शिकवतील, आवाज चढणार नाही. तीन वर्षांपूर्वी कुठल्या कास्टिंगला कुठल्या बाजूला ब्लोहोल, म्हणजे हवेची भोकं, येत होती तेही त्यांना आठवतं.

वही थोडी भरली की पहिला अंदाज: माणूस अंतर्मुख की बहिर्मुख? इथं बडबड्या आणि अबोल असा अर्थ घेऊ नका. आपल्याकडं तर ही गल्लत हमखास होते, कारण कोल्हापुरात कट्ट्यावर बसला की प्रत्येक जण बोलतोच. युंगचा प्रश्न वेगळा आहे. समोर नवीन काही आलं की याचं मन त्या वस्तूकडं धावतं, की त्या वस्तूचा जो ठसा आत उमटला त्याच्याकडं वळतं? बहिर्मुख माणूस आधी हात घालतो, मग विचार करतो. अंतर्मुख माणूस एक पाऊल मागं सरतो आणि आत जे साठलंय त्याच्याशी ताडून बघतो. मामा दिवसभर गप्पा मारतात, पण नवीन मशीन आलं की दोन दिवस लांबून बघतात. माझ्या अंदाजानं ते अंतर्मुख.

यानंतर चार वृत्ती: संवेदन, अंतःप्रज्ञा, विचार, भावना. पुस्तकी व्याख्येनं डोकं जड होतं, म्हणून मी पुराचं उदाहरण देते. पावसाळ्यात कोल्हापुरात सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा असतो, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. घरात सकाळी कुणी सांगितलं, ‘पाणी ३९ वर गेलं.’ एक जण विचारतो, ‘किती वाजताचं? तासाला किती इंचानं चढतंय?’ त्याला जे आहे ते नेमकं हवं असतं. हे संवेदन. दुसऱ्याचं आकड्याकडं लक्षच नाही. तो म्हणतो, ‘राधानगरीचे दरवाजे उघडले की खेळ संपला. २०१९ ला शिरोलीजवळ हायवे बंद झाला तसा होणार, पेट्रोल आजच भरा.’ अजून न घडलेलं त्याला आधी दिसतं. ही अंतःप्रज्ञा. तिसरी म्हणते, ‘मागच्या वेळी आपल्या दारात पाणी कितीला आलं होतं? त्याच्या दोन फूट आधी सामान वर न्यायचं, त्याआधी कुणी पळापळ करायची नाही.’ हा विचार. चौथीनं तोवर फोन लावलेला असतो: ‘चिखलीची मावशी एकटीच आहे, तिला आधी इकडं आणूया.’ कशाला किती किंमत द्यायची, हे ती क्षणात ठरवते. युंग जिला भावना म्हणतो ती ही. रडणं, चिडणं यांच्याशी तिचा थेट संबंध नाही. तेवढं चौघंही करतात.

संवेदन आणि अंतःप्रज्ञा ही जगाकडून काही घेण्याची जोडी. विचार आणि भावना ही घेतलेल्यावर निवाडा करण्याची. जोडीतली एक वृत्ती लहानपणापासून वापरून तयार होते, तेव्हा तिच्या समोरची कच्ची राहते. ती नाहीशी होत नाही. वापरात नसल्यामुळं लहान मुलासारखी हट्टी आणि हळवी राहते, आणि तिला धक्का लागला की एरवी शहाणा असलेला माणूस ओळखू येत नाही. अवघडपणा बहुतेक वेळा इथून येतो. लोक माणसाच्या बळकट बाजूवरून त्याचा प्रकार ठरवतात आणि थांबतात. तुम्ही पुढं जा आणि कच्ची बाजू शोधा. युंगची शिष्या मारी-लुईस फॉन फ्रान्झ हिनं या कच्च्या वृत्तीवर सविस्तर व्याख्यानं दिली आहेत. तिचंही म्हणणं असं की माणसाला सगळ्यात जास्त लागतं ते इथं.

मामांचंच घ्या. अंतर्मुख संवेदन हा माझा अंदाज. मग समोरची वृत्ती बाहेरच्या शक्यता हुंगणारी अंतःप्रज्ञा, आणि ती कच्ची. अंतर्मुख संवेदन-प्रकाराबद्दल युंगनं लिहून ठेवलंय की याची दबलेली अंतःप्रज्ञा बाहेरच्या जगात फक्त अंधारं, संशयास्पद, धोक्याचं तेवढंच हुंगून काढते. ते वाचलं आणि मी वहीतलं ‘लाइन बंद पाडायचा डाव’ हे वाक्य पुन्हा काढलं. बदललेल्या शेड्यूलमध्ये कितीतरी शक्यता असतात. नवीन ऑर्डर असेल, कोअर (साच्याच्या आत बसवायचे वाळूचे गाभे) उशिरा आले असतील, गाडी लवकर येणार असेल. मामांना त्यातली सगळ्यात काळी तेवढी दिसते, आणि ती त्यांना खरी वाटते. मुद्दाम त्रास द्यावा म्हणून ते तसं बोलत नाहीत.

आता स्वतःकडं वळा. ही पायरी सोडली तर बाकीचं सगळं नुसतं निदान करत बसणं होईल. माझा कल बहिर्मुख अंतःप्रज्ञेचा आहे. एक प्लॅन सांगताना मला दुसरे दोन सुचतात आणि मी तेही बोलते: ‘मामा, आत्ता हे लावू, पण उद्या कदाचित ते लागेल, किंवा दोन्ही अर्धे अर्धे करू.’ मला यात मोकळेपणा वाटतो. मामांच्या मात्र नेमक्या कच्च्या जागी मी बोट ठेवत असते. क्वालिटीतला आमचा सहकारी त्यांना आकडा सांगतो, नमुना दाखवतो, निघून जातो. त्याला मामा अवघड वाटतच नाहीत. म्हणून वहीत एक प्रश्न ठेवाच: हा माणूस कुणाला अवघड वाटत नाही? त्या व्यक्तीचं वागणं बारकाईनं बघा. निम्मं उत्तर तिथं सापडतं.

मग एकच गोष्ट बदला. एका वेळी एकच, नाहीतर कशानं फरक पडला ते कळायचं नाही. मी शक्यता बोलणं बंद केलं. जे ठरलंय तेवढंच, तेही हातात वस्तू देऊन. मामांकडं जाताना आता कागदाबरोबर तो पॅटर्न नंबर आणि गिऱ्हाइकाच्या पत्राची प्रत नेते, आणि आधी विचारते, ‘मामा, हा लावायचा झाला तर आत्ताच्या वाळूला काय करायला लागेल?’ प्रश्न त्यांच्या बळकट बाजूला जातो. ते वाळूबद्दल बोलतात, बोलता बोलता पत्र वाचतात. बदलाचं कारण मी सांगायच्या आधी त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. चिडणं पूर्ण थांबलेलं नाही. पण डावाची भाषा गेली आहे, आणि नड असली तर पाळीच्या मध्यावरही पॅटर्न बदलून देतात.

आधी अंदाज बांधायचा, त्यावरून ‘असं केलं तर तसं होईल’ हे वहीत लिहायचं, आणि मग करून बघायचं. झालं नाही तर अंदाज खोडायचा आणि दुसरा घ्यायचा. सिद्धांताला चिकटून माणूस वाकवायचा नाही.

बाकीचे प्रकारही याच रीतीनं वाचता येतात. सगळ्यांचं सगळं करणारी, कुणाला काय आवडतं ते लक्षात ठेवणारी एखादी जाऊबाई असते. भिशीचा हिशोब दाखवा म्हटलं की तीच म्हणते, ‘म्हणजे माझ्यावर विश्वास नाही, एवढंच ना?’ भावना बळकट असलेल्या माणसाचा कच्चा विचार बहुतेक असाच येतो: तुटक, नकारात्मक, ‘एवढंच ना’ करून सगळं खाली ओढणारा. तिला चारचौघांत हिशोब मागू नका. दोघी बसून वही उघडा, आधी तिनं केलेल्या कामाची नोंद घ्या, मग आकडे. आणि सगळ्या घराला नियम लावणारे, चूक कुणाची ते दोन मिनिटांत सिद्ध करून देणारे निवृत्त काका? वाढदिवसाला फोन केला नाही म्हणून ते महिनाभर धुमसतात आणि कारण मात्र सांगत नाहीत. तिथं भावना कच्ची आहे. त्यांच्याशी वाद जिंकून काही मिळत नाही. फोन करावा.

मोबाइलवर प्रश्न सोडवून चार अक्षरांचा जो प्रकार मिळतो त्याबद्दल विचारलं जातं. ती सोळा प्रकारांची चाचणी युंगची नाही. कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स या अमेरिकेतल्या मायलेकींनी युंगच्या आधारानं ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घडवायला घेतली. अवघड माणसाला ती चाचणी द्यायला जाऊ नका. तो सोडवणार नाही, आणि त्याच्या वतीनं तुम्ही सोडवलीत तर कागदावर येतं ते तुमचंच मत. शिवाय बरेच लोक काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा देतात तेव्हा एखादं अक्षर बदलतं, कारण बहुतेक माणसं मधेच कुठंतरी असतात, टोकाला नसतात. पूर्ण अंतर्मुख किंवा पूर्ण बहिर्मुख माणूस असत नाही, हे युंगही म्हणत असे. आजचे संशोधक व्यक्तिमत्त्व मोजायला पाच गुणांची वेगळी चौकट वापरतात. म्हणून हा सिद्धांत नोकरीत निवड करायला, स्थळ बघायला, कुणाचं प्रमोशन अडवायला अजिबात वापरू नका. बोलण्याची वाट सापडत नाही तिथं अंदाज बांधायला तो चांगला आहे, आणि तेवढं काम थोडं नाही.

तुमचा अंदाज त्या माणसाला सांगू नका. ‘तुमची अंतःप्रज्ञा कच्ची आहे’ हे ऐकून कुणी शांत झालेलं मी बघितलेलं नाही. दुसऱ्यांनाही सांगू नका. चहाच्या टपरीवर दोन दिवसांत त्याचंच नवं विशेषण होतं.

आणि सगळा अवघडपणा प्रकारातून येत नाही. दुखणं, झोप नसणं, कर्ज, दारू, घरातलं आजारपण, हे आधी तपासा. एरवी बरा असलेला माणूस अलीकडंच बदलला असेल तर प्रकार शोधत बसण्याऐवजी त्याला विचारा, काय झालंय. धमकी, मारहाण, पैशांची फसवणूक, बाईमाणसाशी घाणेरडं वागणं यांना युंगचं कुठलंच स्पष्टीकरण लावू नका. दहा किंवा त्याहून जास्त माणसं जिथं काम करतात तिथं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. तक्रार लेखी द्यावी लागते आणि सहसा घटनेपासून तीन महिन्यांच्या आत.