जुनी ऑटोमॅटिक गाडी घरच्या अंगणात मॅन्युअल करताना

या कामात गाडी अडते ती गिअरबॉक्सपाशी नाही, किरकोळ वस्तूंपाशी. म्हणून सुटे भाग गोळा करत बसू नका. त्याच मॉडेलच्या, त्याच इंजिनाच्या भंगारात निघालेल्या मॅन्युअल गाडीचा पूर्ण संच उचला: गिअरबॉक्स, फ्लायव्हील आणि त्याचेच बोल्ट, पेडल, क्लच केबल, गिअर लिव्हर, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, माउंटिंग, ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक). क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग नवेच घ्या. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतील फेरफारांबद्दल आहे, तेव्हा आरटीओ आणि विमा कंपनीला आधीच विचारा.

गोव्यात हे काम पावसाळ्यात काढू नका. ओल्या तांबड्या मातीत जॅक-स्टँड रुततो. कोरड्यातही खाली जाड फळी हवीच. कळंगुट-कोलव्याकडच्या गाड्यांचे बोल्ट खाऱ्या हवेने धरलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवा, नाहीतर डोकी तुटतात.

बॅटरी काढा, ऑटोमॅटिकचे तेल काढून टाका, इंजिनाला खालून लाकडाचा ठोकळा देऊन आधार द्या. टॉर्क कन्व्हर्टरचे (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा जड डबा) बोल्ट क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरवत एकेक सोडवा. गिअरबॉक्स उतरवताना कन्व्हर्टर निसटून अंगावर पडू शकतो, म्हणून दोघे हवेतच. रेडिएटरकडे जाणाऱ्या तेलाच्या नळ्या काढून तिथली तोंडे बंद करा.

फ्लेक्स प्लेटचे (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असणारी पातळ चकती) जुने बोल्ट फ्लायव्हीलला वापरू नका. लांबी बहुधा वेगळी असते. क्लच प्लेटची स्प्रिंगची बाजू गिअरबॉक्सकडे ठेवा, अलाइनमेंट टूलने मध्यावर आणा, प्रेशर प्लेट तिरकस क्रमाने आवळा. गिअरबॉक्स शेवटच्या बोटभर अंतरावर अडला तर बोल्टांनी ओढायचा नाही, गिअरबॉक्सचा बोल्ट बसतो तो कान तुटतो. गिअर टाकून शाफ्ट किंचित फिरवा, दाते बसतात. अर्धवट बसलेला गिअरबॉक्स क्लच प्लेटवर लोंबकळत ठेवला की तिचा हब (मधला भाग) वाकतो आणि मग क्लच पूर्ण सुटतच नाही.

वायरिंगमध्ये घाई नको. ऑटोमॅटिक गाडी पी (पार्क) किंवा एन (न्यूट्रल) मध्येच स्टार्ट होते, ते एक स्विच पाहतो. जुन्या गिअरबॉक्सबरोबर तो स्विच गेला की स्टार्टर फिरत नाही. त्याच्या दोन वायरी नुसत्या जोडल्या तर गाडी गिअरमध्येच स्टार्ट होऊन पुढे झेपावते; त्या क्लच पेडलच्या स्विचमधून न्या. रिव्हर्स लाइटच्या वायरी गिअरबॉक्सवरच्या स्विचला.

तेल मॅन्युअलमध्ये सांगितलेलेच, सपाट जागी, भरण्याच्या भोकातून ओघळेपर्यंत. पेडलचा खेळ जुळवा आणि पुढची चाके अधांतरी असतानाच सगळे गिअर टाकून पाहा.