चिऊ-काऊच्या चार पट्ट्या

तिसरी-चौथीच्या मुलांना क्रम शिकवायचा तर मी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूच्या चार पट्ट्या कापते आणि एकेकीवर एकेक वाक्य लिहिते. काऊने शेणाचं घर बांधलं. चिऊने मेणाचं घर बांधलं. पाऊस आला, काऊचं घर वाहून गेलं. काऊने चिऊचं दार वाजवलं.

पट्ट्या पत्त्यांसारख्या पिसून मुलांपुढे टाका. गोष्ट पाठच असते, मिनिटात लावून होते. खरं काम त्यानंतरचं. दोन पट्ट्यांची अदलाबदल करा आणि विचारा, 'आता कुठे अडलं?' मूल नुसतं 'चुकलं' म्हणालं तर सोडू नका. 'हे झाल्याशिवाय ते होईल का?' याचं उत्तर त्याच्या तोंडून आलं पाहिजे. न बांधलेलं घर वाहून कसं जाईल? पहिल्या दोन पट्ट्या मात्र खुशाल उलट्या लावा, काही बिघडत नाही. 5 + 3 आणि 3 + 5 तसंच. 8 − 3 चं तसं नाही.

या चार पट्ट्या 24 प्रकारे लागतात. पहिल्या जागेला चारांपैकी कुठलीही, पुढे तीन, मग दोन, उरते एक. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त हाच हिशेब विष्णूच्या चार हातांवर मांडलाय: गदा, चक्र, कमळ, शंख हात बदलत गेले की मूर्ती 24. एक अख्खा तास गेला तरी चालेल, पण चोवीसच्या चोवीस मांडून बघाच. मी त्यातल्या दोनच बरोबर धरायचे. एका मुलीने तिसरी दाखवली. 'बाई, काऊचं घर वाहून गेल्यावर चिऊने आपलं बांधलं असेल तर?' बरोबर होतं तिचं! गोष्ट जुळते, पण चिऊ बदलते. आधीची मुळातच शहाणी, ही काऊचं बघून शहाणी झालेली.

मग गोष्ट शेवटाकडून सुरू करायला सांगा. 'चिऊताई, चिऊताई, दार उघड!' काऊ भिजलाय का, ते मागाहून कळू द्या. घडलं एका क्रमाने, सांगितलं दुसऱ्या, हे मुलांच्या लक्षात आलं की लगेच फळ्यावर 2 + 3 × 4 लिहा.

बरीच मुलं 20 म्हणतील. 'कंचेभागुबेव' (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) हा पाठ करायचा क्रम एवढ्यात काढू नका. 2 सुटे लाडू आणि 3-3 लाडवांचे 4 डबे वहीत काढायला लावा. दोन नि तीन पाच आधी केले, तर सुटे लाडू चारही डब्यांत शिरतात! डब्यांतले 12 आधी, मग सुटे 2, झाले 14. वाचताना 2 पहिला, करताना शेवटी.

आता उलटं काम द्या: उत्तर 20 यावं अशी लाडवांची गोष्ट रचा. दर डब्यात 2 बेसनाचे, 3 रव्याचे, असे 4 डबे. ती गोष्ट आकड्यांत लिहायची वेळ आली की मुलंच विचारतात, 'बाई, हे दोन नि तीन एकत्र बांधायचे कसे?' कंस तेव्हा शिकवा.